न घेतलेल्या रायफली

अण्णांकडे रायफली आहेत सात आणि न घेतलेल्या रायफली आहेत साठ-सत्तर. सातांबद्दल ते दहा मिनिटं बोलतात. उरलेल्यांचा विषय निघाला की वहिनी न विचारता पुन्हा चहा टाकतात.

ही जात आपल्याला नवी नाही. पुण्यातल्या प्रत्येक कुटुंबात एक काका असतो. त्याला कोथरूडला मातीमोल भावात प्लॉट मिळत होता आणि ‘त्या जंगलात राहायला जाणार कोण?’ म्हणून त्याने तो घेतला नाही. अण्णांचे वडील त्यातलेच. अण्णा नोकरीसाठी ओहायोत आले. इथे कोथरूडची हळहळ समजणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी ती जुन्या लष्करी रायफलींवर लावली.

सुरुवात साधी झाली. २००६ साली दुकानात पिंपात उभ्या केलेल्या मोसिन-नागान रायफली त्यांना दिसल्या. आपल्याकडे वाण्याच्या दारात केरसुण्या उभ्या असतात, तशा. रशियाने या रायफली कोट्यवधींनी बनवल्या. महायुद्ध संपल्यावर त्या ग्रीस फासून गोदामात टाकल्या आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर खोकीच्या खोकी भरून अमेरिकेत आल्या. किंमत ऐंशी डॉलर. अण्णांनी एक घेतली. दुकानदार म्हणाला, ‘‘दोन घ्या.’’ अण्णा म्हणाले, ‘‘दोन काय करायच्या?’’ हे वाक्य ते आजही झोपेत बोलतात, असं वहिनी सांगतात. आज तीच रायफल चारशेच्या खाली मिळत नाही.

त्या पहिल्या रायफलीवर कॉस्मोलीन नावाचं तपकिरी, मेणचट ग्रीस बोटभर होतं. ते काढायचे उपाय अनुभवी मंडळींनी सांगितले. लाकडी दस्ता काळ्या पिशवीत गुंडाळून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचा, म्हणजे तो घाम यावा तसा ग्रीस सोडतो. लोखंडी भाग उकळत्या पाण्यात टाकायचे. अण्णांनी बोल्टसाठी घरातलं सर्वांत मोठं भांडं निवडलं. वहिनी तेव्हा मंडळाच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वरणाला जो वास आला, त्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, कुकरला फोडणी कसली दिलीत?’’ तो कुकर आता गॅरेजमध्ये असतो आणि अण्णांनी घरात नवा आणून दिला. पहिल्या रायफलीची खरी किंमत काढताना हा कुकर धरायचा की नाही, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

रायफल बघायला गेलेले अण्णा म्हणजे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातले वरपक्षाचे मामा. खिशात भिंग, बारीक टॉर्च. आधी नळीत डोकावतात, मग नंबर. मोसिनचा नंबर नळीवर, बोल्टवर, मॅगझिनच्या झाकणावर आणि दस्त्याच्या मागच्या पट्टीवर असतो. चारही जुळले तर भाव चढतो. इथे छत्तीस गुणांची भानगड नाही, चारच गुण. पण युद्धानंतर रशियन कारखान्यांनी दुरुस्तीला आलेल्या रायफलींचे जुने नंबर खोडून नवे ठोकले, म्हणजे पत्रिका जुळत नसली तर जन्मवेळच बदलायची. तो नवा ठसा अण्णा हातभरावरून ओळखतात, सुस्कारा सोडतात आणि रायफल परत ठेवतात. वर्षभराने तीच रायफल दीडपट भावाने दिसते. तेव्हा अण्णांना ठशाचं काही वाटत नाही, फक्त भावाचं वाटतं.

एम-वन गॅरंडची कथा तर करुण आहे. अमेरिकन सैनिकाची ही महायुद्धातली रायफल सरकारी साठ्यातून नागरिकांना विकणारी एक संस्था अलाबामात ॲनिस्टनला आहे. दर वाजवी, पण अट अशी की घेणारा अमेरिकन नागरिक हवा. पंधरा वर्षं ग्रीन कार्डावर सुखात असलेल्या अण्णांनी अचानक नागरिकत्वाचा अर्ज भरला. पोरांना वाटलं, बाबांना मतदान करायचंय. शपथ घेऊन घरी येईपर्यंत गॅरंडचा दर वाढला होता. ‘जरा उतरू दे’ म्हणून अण्णा थांबले. ते अजून थांबलेलेच आहेत.

केनेडींच्या हत्येचा विषय निघाला की लोक कटाबद्दल बोलतात. अण्णा दराबद्दल बोलतात. ती इटालियन कारकानो रायफल १९६३ साली शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली होती, १९ डॉलर ९५ सेंट. ‘‘दुर्बिणीसकट!’’ हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो, पण केनेडींसाठी नव्हे. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री थांबली आणि परदेशी लष्करी मालाची आयातही काही वर्षं बंद पडली. तेव्हा अण्णा सदाशिव पेठेत शाळेत जात होते. तरीही त्यांना वाटतं, संधी हुकली.

आता त्यांच्याकडे संग्राहकाचं खास लायसन आहे. तीन वर्षांना तीस डॉलर. पन्नास वर्षांपेक्षा जुनी रायफल त्यावर थेट घरपोच येते. पन्नाशी उलटली की सरकार वस्तूला दुर्मीळ मानतं, हे ऐकल्यावर वहिनींनी फक्त अण्णांकडे बघितलं. शिवाय १८९८ पर्यंत बनलेली रायफल केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. ‘‘म्हणजे ती आणली तर मी काही आणलं असं होतच नाही,’’ हा अण्णांचा युक्तिवाद कायद्यापुढे टिकेल, वहिनींपुढे टिकला नाही.

कारण घरातला हिशेब निराळा. कुठलीही रायफल आली की अण्णा किंमत सांगतात नव्वद डॉलर. ‘‘वीस वर्षांत दूध महागलं, घर महागलं,’’ वहिनी म्हणतात, ‘‘ह्यांना रायफल तेवढी नव्वदला मिळते.’’ अर्थात त्याही दर पुणेवारीत हातात नव्या बांगड्या घालून येतात आणि विचारलं की सांगतात, जुन्याच मोडून केल्या.

मागच्या महिन्यात मला घेऊन अण्णा प्रदर्शनाला गेले. तिथे इशापूरची रायफल होती. कोलकात्याजवळच्या आपल्या कारखान्यात १९६० च्या दशकात बनलेली टू-ए-वन. दिसायला आपल्या हवालदाराच्या थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण, पण आत ७.६२ ची गोळी. लाकडाला आडवा मारलेला इशापुरी स्क्रूसुद्धा जागेवर. अण्णांनी दस्त्यावर हात फिरवला आणि क्षणभर गणपतीच्या बंदोबस्तात हरवले. साडेसहाशे सांगितले. ‘‘ही मी दीडशेला सोडलीय,’’ अण्णा मराठीत पुटपुटले आणि इंग्रजीत म्हणाले, एक फेरी मारून येतो. तुळशीबागेत ही युक्ती चालते, दुकानदार मागून हाक मारतो. इथे फेरी मारून आलो तर रायफल एका ट्रकवाल्या आजोबांच्या खांद्यावर होती.

घरी येईपर्यंत अण्णा बोलले नाहीत. आल्यावर कपाटातून त्यांनी स्विस के-एकतीस काढली, स्वस्ताईच्या काळात घेतलेली. स्विस सैनिक रायफल घरी ठेवत आणि दस्त्याच्या पट्टीखाली आपल्या नाव-पत्त्याची चिठ्ठी घालत. अशी चिठ्ठी निघाली तर संग्राहकाला लॉटरी. पण स्क्रूच्या खाचेला ओरखडा आला तर भाव पडतो, म्हणून अण्णांनी ती पट्टी आजवर उघडली नव्हती. ‘‘आज बघूच,’’ ते म्हणाले. स्क्रू लोण्यासारखा फिरला. मला जरा शंका आली.

चिठ्ठी निघाली. लक्ष्मी रोडवरच्या सराफाची पावती, २००८ सालची, चार घड्या घातलेली. पाटल्या, वजन, मजुरी. मोडीचा रकाना कोरा.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. अण्णांनी भिंग काढलं, पावती दिव्याखाली धरली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, ‘‘दर बघितलास? दहा ग्रॅमला तेरा हजारसुद्धा नाही रे. तेव्हाच घ्यायला हवं होतं.’’