पोरगी पुण्यात उतरायची कुणाकडं?

“वैनी, कानावर आलं का? खालच्या आळीतल्यांचा नातू कंपनीत जातोय म्हणं. कोथरूडचा वो! दहावी बी झाली न्हाय अजून.”

पावट्याच्या शेंगा सोलता सोलता आक्कांनी मेंदीच्या कुंपणावरून बातमी सोडली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. ते राहिले दोरीवरच.

“कंपनीत? नोकरीला?”

“नोकरी कुठली! ते काय म्हणत्यात, इंटरशीप. जायचं, बसायचं, बघायचं अन् पंधरा दिसांनी कागद घेऊन यायचं. मामा हाय न्हवं तितं मोठा सायेब.”

अख्खं प्रकरण त्या शेवटच्या वाक्यात होतं. पुण्यातल्या शाळकरी पोरांच्या इंटर्नशिपची जाहिरात सहसा कुठं लागत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकतं, “आमच्या मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय, आठवडाभर तुमच्या ऑफिसात बसली तर चालेल का?” समोरून अंगठा येतो. सोमवारी मुलगी ऑफिसात. पुढं परदेशातल्या कॉलेजांचे फॉर्म भरताना सुट्टीत काय काय केलंस ते लिहायचं असतं, म्हणून महागड्या शाळांनी तर हे अंगवळणीच पाडून घेतलंय. मला यात वाईट काही वाटत नाही. आपल्याकडं सुताराचं पोर सुट्टीत रंधा धरतंच की. फरक एवढाच, की आमच्या वरव्यातल्या पोरीचा मामा साहेब नसतो. तो टेम्पो चालवतो.

“आता आमच्या नातीनं बी तेच डोक्यात घेतलंय,” आक्का म्हणाल्या. नात नववीत, विज्ञानात हुशार, बोलायला फटकळ. “मोबाईलवर तिला सापडलं कायतरी. घरबसल्या इंटरशीप. तीन हजार भरायचं, चार आठवड्यानं सर्टिफिकीट घरपोच. भरू का?”

“अजिबात नाही!” मी एवढ्या जोरात म्हणाले की आक्कांच्या कोंबड्या दचकल्या. “काम शिकवायचं म्हणून पोरांकडनंच पैसे घ्यायचे, ही कसली इंटर्नशिप? हे सर्टिफिकेटचं दुकान झालं. त्यापेक्षा तीन हजाराची पुस्तकं घ्या, नाहीतर शेळी घ्या.”

“तीन हजारात शेळी येत न्हाय, वैनी. करडू येतंय फार तर.” आक्का हिशेबाला पक्क्या. “बरं, मग सरकारची ती योजना? म्हैन्याला सहा हजार देत्यात म्हणं.”

ती योजना आक्कांना बचत गटाच्या बैठकीत कळली होती आणि अर्धीच कळली होती. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, 2024 ची. बारावी झालेल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8, पदवीधराला 10. पण वय 18 ते 35. त्याच वर्षी केंद्रानं मोठ्या 500 कंपन्यांना धरून पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणली, महिन्याला 5 हजारांची. तिथं तर सुरुवातीला वय 21 ते 24 होतं. नात चौदाची.

“म्हंजी पोरगी म्हातारी व्हायची वाट बघायची!” आक्कांनी एक शेंग नको तेवढ्या जोरात मोडली.

तेवढ्यात डेअरीत दूध घालून गुरुजी आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावात कुणीही शाळेचा विषय काढला की गुरुजी तिथं उभे. रिकामी किटली त्यांनी कुंपणाच्या खांबाला अडकवली. आता हे लवकर हलत नाहीत.

“आधी कायदा समजून घ्या आक्का,” ते म्हणाले. “चौदाच्या आतलं पोर कुठंही कामाला ठेवता येत नाही. कायदा 1986 चा, 2016 मध्ये आणखी कडक केला. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत केली तर चालतं. चौदा ते अठरा या वयात धोक्याचं काम नाही. खाण नाही, स्फोटकं नाहीत, कारखान्यातली घातक कामं नाहीत. म्हणून कंपन्या अठराच्या आतलं पोर गेटातून आत घ्यायला बिचकतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“मग आमचा नातू हायवेच्या गॅरेजवर जातोय त्याचं काय?” आक्कांचा आवाज बारीक झाला. नातू पंधराचा, रविवारी हटकून गॅरेजवर.

“पाने धरू दे, टायर खोलू दे. वेल्डिंग आणि पेट्रोलपासून लांब ठेवा. आणि शाळा बुडता कामा नये.” एवढ्यावर गुरुजींनी नातवाला सोडलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “खरं तर वहिनी, 2020 च्या शैक्षणिक धोरणात हेच लिहिलंय. सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली बसायचं. पुढं बारावीपर्यंत सुट्टीतसुद्धा अशी संधी द्यावी असंही आहे. ते दहा दिवस कसे घालवायचे याची मार्गदर्शक पुस्तिका 2024 च्या जुलैत निघाली.”

“दहा दिस दप्तर न्हाय, हे पोरांला सांगू नगा,” आक्का म्हणाल्या.

पुस्तिका निघाली हे खरं. पण बऱ्याच ठिकाणी दप्तराविना दिवस म्हणजे एक रोप, पाच शिक्षक आणि एक फोटो. कुंभाराच्या चाकावर पोर बसलं आणि त्याचं मडकं वाकडं झालं, असा फोटो मला अजून बघायचाय.

गुरुजींना मात्र फोटोचं काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात पाबळ होतं. शिरूर तालुक्यातलं हे पाण्याची वानवा असलेलं गाव. तिथं 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्तान लिव्हरमधली चांगली नोकरी सोडून हा माणूस शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती शिकवायला बसला. त्यातूनच आठवी ते दहावीच्या शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला. आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. आणि काम खोटं खोटं नाही. गावातल्या माणसाचं दार बसवायचं, माती तपासून द्यायची, रक्तगट काढून द्यायचा. गावानं त्याचे थोडे पैसेही मोजायचे. “दार वाकडं बसलं तर मालक शिव्या देणार, हे पोराला माहीत असतं,” गुरुजी म्हणाले. “मार्कांपेक्षा तो धाक बरा.”

“आवो पर गुरुजी, माझ्या नातीला दार न्हाय बसवायचं. तिला चांदण्या बघायच्यात!”

आता गुरुजींचा चेहरा उजळला. “मग आयुका.”

“कोन आयुका?”

“संस्था आहे. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केली.”

नारळीकर म्हटल्यावर आक्कांनी शेंगा खाली ठेवल्या. टीव्हीवर त्यांना पाहिलेलं आठवत होतं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा नातीनं पेपरातला फोटो कापून वहीत चिकटवला होता, हेही आक्कांनीच सांगितलं.

गुरुजींनी मग सविस्तर सांगितलं आणि इथं मीही मान डोलावली, कारण शाळकरी पोरांच्या इंटर्नशिपचा पुण्यातला सगळ्यात चोख नमुना हाच असावा. आणि तो या शब्दाची फॅशन येण्याच्या कितीतरी आधीचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी-नववीची मुलं आठवडाभर आयुकात जातात, सोमवार ते शुक्रवार. मुलांच्या छोट्या गटाला एक शास्त्रज्ञ नेमून दिलेला. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. शास्त्रज्ञ एखादा प्रश्न देतो, किंवा पोरगंच विचारतं, आणि आठवडाभर सगळे मिळून त्याच्या मागं लागतात. शेवटी काय केलं ते लिहून द्यायचं. दुर्बिणीतून बघायला मिळतं ते वेगळंच. नाव शाळेनं सुचवायचं असतं. मामा लागत नाही, मुख्याध्यापक लागतो.

“आणि तिथंच पुलंच्या नावाशी जोडलेली इमारत आहे,” मी मध्ये घातलं. सुनीताबाई देशपांड्यांनी दिलेल्या 25 लाखांच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वास्तू उभी राहिली. तिचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींमधला एक ऋषी, आणि नावातच पु. ल. अरविंद गुप्ता 2003 ते 2014 तिथं कचऱ्यातून खेळणी करून दाखवायचे. आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, झिजलेल्या चपला. आक्का म्हणाल्या, “हे सामान तर आमच्या परसात ढिगानं पडलंय.”

“शाळेत विचारायचं कधी?”

“आता. जानेवारी चाललाय. मार्चात विचारलं तर परीक्षा आडवी येते आणि एप्रिलात विचारलं तर यादी गेलेली असते,” गुरुजी म्हणाले. “आणि तोवर निदान 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिला घेऊन जा. त्या दिवशी आयुका सगळ्यांना खुलं असतं. दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं असतात. ऐकायला पैसे पडत नाहीत.”

आक्का गप्प झाल्या. आक्का गप्प झाल्या म्हणजे हिशेब चाललाय असं समजावं.

“वरवे ते स्वारगेट एसटी,” त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. “बायांला अर्धं तिकीट हाय, बरं झालं. पोरीचा शाळेचा पास तर फुकट हाय.”

तो पास अहिल्याबाई होळकरांच्या नावानं आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना. पण गाव ते शाळा एवढाच. मे महिन्यात विद्यापीठात जायला तो चालत नाही. स्वारगेटला उतरलं की 2024 पासून मेट्रो आहे. गाडी न बदलता शिवाजीनगर आणि तिथून पुन्हा बस. जाताना खेड शिवापूरच्या टोलनाक्याची रांग आणि कात्रजची गर्दी धरली, तर सकाळी उजाडायच्या आत निघायला हवं. संध्याकाळी परत येईपर्यंत गावात दिवे लागलेले. पोरगी एकटी. पाच दिवस.

“न्हाय जमायचं,” आक्का म्हणाल्या. “उतरायची कुणाकडं?”

माझ्या मते खरा अडसर इथं आहे. हुशारी कमी नाही, इंग्रजीचीही भीती आता तेवढी राहिली नाही. अडतं ते पाच रात्रींच्या अंथरुणाशी. यातली गंमत तर पुढं आहे. गुरुजींनी इस्रोच्या ‘युविका’ची गोष्ट काढली. 2019 पासून नववीच्या मुलांना इस्रो दोन आठवडे आपल्या केंद्रावर बोलावतं, मे महिन्यात. तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, अहमदाबाद, श्रीहरिकोटा अशी केंद्रं. आठवीचे गुण बघतात, ऑनलाइन प्रश्नमंजूषा असते, विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला असेल तर ते बघतात, आणि खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्याला जादा गुण. निवड झाली की प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडं. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चात निघतात.

म्हणजे बघा. वरव्याच्या पोरीला श्रीहरिकोटा जवळ आणि गणेशखिंड लांब! देशभरातून पोरं निवडायची तर जागा थोड्या आणि दावेदार हजारो, तरी तिथं कुणीतरी बसून विचार केलाय की खेड्यातलं पोर राहील कुठं, खाईल काय. पुण्यात तो विचार कुणी करत नाही, कारण पुण्याला वाटतं आपण जवळच आहोत.

“तिकडं अमेरिकेत कसं करतात?” मी विचारलं. गुरुजींचा भाचा न्यूयॉर्कला असतो हे गावाला पाठ आहे.

“तिथं शहराचं सरकारच उन्हाळ्यात पोरांना काम देतं. चौदाव्या वर्षापासून. अर्ज फार येतात म्हणून सोडत काढतात. लहान पोरांना कामापेक्षा प्रकल्प जास्त, पण हातात पैसे पडतात.”

“सोडत म्हंजी चिठ्ठ्या?” आक्कांना हे पटलं. “हे ब्येस. चिठ्ठीला मामा नसतोय.”

तेवढ्यात नात सायकलवरून आली. तिला बातमी सांगितली तर म्हणाली, “मला माहितीये युविकाचं. आमच्या सरांनी मागच्याच वर्षी सांगितलं होतं. पण मी तेव्हा आठवीत होते.” मग आक्कांकडं बघून, “आणि तू तीन हजार भरलेस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.”

“भरत न्हाय गं बाई. गुरुजी, तुमी उद्या हायस्कुलात जाऊन मुख्याध्यापकांला सांगा. दोन्हींकडं नाव घाला म्हणावं.”

गुरुजींनी किटली उचलली. जाता जाता म्हणाले, “नाव मी घालायला लावतो. पण आयुकाला लागली तर राहायचं बघा.”

मग आक्का माझ्यावर घसरल्या. “वैनी, तुमी पेपरात लिवता ना? मग हे लिवा. जत्रेला पुण्याहून गाड्या भरभरून येत्यात सारी. मटण खात्यात, गावची माती कपाळाला लावत्यात, जाताना तांदळाचं पोतं डिकीत. त्यांला इचारा.”

म्हणून लिहिते आहे. भोर-वेल्ह्यातून पुण्यात जाऊन घर केलेल्या सगळ्या गाववाल्यांनो, मे महिन्यात सोमवार ते शुक्रवार गावाकडच्या एका पोरीची झोपायची आणि संध्याकाळच्या जेवणाची सोय करा, आणि तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, प्रेसमध्ये पोरं घेत असाल तर त्यातली एक जागा मामा नसलेल्या पोरासाठी ठेवा. तांदूळ आक्का पाठवणार आहेत, इंद्रायणी, यंदाचा.