भाऊसाहेबांची इलेक्ट्रिक

प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक तरी गिटारवाला असतो आणि तो गिटार वाजवत नाही. वाजवणाऱ्यांची जामखेडला कधी ददात नव्हती. कलाकेंद्रांतले ढोलकीवाले आहेत, पेटीवाले आहेत, गणपतीत आणि वरातीत गाव हलवणारे बेंजोवाले आहेत. गिटारवाल्याची जात वेगळी. वय पंचेचाळीसच्या अलीकडं-पलीकडं, शिक्षण पुण्याला, धंदा वडिलांचा. विषय सोयाबीनच्या भावाचा निघो की सोयरिकीचा, दहाव्या मिनिटाला तो म्हणणार, "आम्ही कॉलेजला असताना गिटार वाजवायचो." ऐकणारा मान डोलावतो. पुण्याला जाऊन कोण चौकशी करतंय?

यातला एक नमुना मला जवळून बघायला मिळाला. आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू. कृषी सेवा केंद्र आहे, माणूस सज्जन आहे, उधारी मागताना स्वतःच लाजतो. 2001 साली 'दिल चाहता है' आला तेव्हा ते पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सिनेमा बघून त्यांनी दोन गोष्टी केल्या. हनुवटीवर दाढीचा ठिपका ठेवला आणि होस्टेलवरच्या एका सीनियरकडून मेसच्या पैशांत गिटार घेतली. ठिपका दिवाळीला वडिलांनी काढायला लावला. गिटार खाटेखाली होती म्हणून वाचली.

फेंडर कंपनीनं 1954 साली काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरची ती हुबेहूब नक्कल होती, म्हणजे लांबून. जवळून ओळखू येऊ नये म्हणून भाऊसाहेबांनी सुट्टीत गावातल्या रेडियमवाल्याकडं जाऊन कंपनीचं नाव कापून मागितलं. त्यानं ते देवनागरीत कापलं, वर एक जास्वंदीचं फूल फुकट दिलं. ते 'फेंडर' अजून गिटारच्या डोक्यावर आहे. फूल झडलं.

आता इलेक्ट्रिक गिटारचं असं असतं की तिला पोट नसतं. साध्या गिटारची पोकळ पेटी आवाज मोठा करते. हिची फळी भरीव, त्यामुळं सगळा भार विजेवर आणि अँप्लिफायरवर. सीनियरनं गिटार विकली, अँप विकला नाही, कारण तो त्याच्याकडंही नव्हता. "अँप पुढच्या वर्षी घेऊ," असं भाऊसाहेबांनी ठरवलं आणि पुढच्या प्रत्येक वर्षी तेच ठरवलं. कॉलेजची उरलेली सगळी वर्षं त्यांनी ही गिटार तशीच, बिनविजेची वाजवली. होस्टेलवर त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्यांची कीर्ती झाली ती सौताड्याच्या धबधब्यामुळं. पावसाळ्यात पुण्याच्या मित्रांना घेऊन ते खाली रामेश्वराकडं उतरले, खडकावर बसले, डोळे मिटले आणि अर्धा तास वाजवलं. शेजारी विंचरणा नदी कड्यावरून कोसळत होती. कुणाला काहीही ऐकू आलं नाही, पण एकानं फोटो काढला. फोटोत केस उडालेत, बोटं तारांवर आहेत, मागं पांढरं पाणी. तो फोटो पाहिलेला प्रत्येक माणूस सांगतो की भाऊसाहेब फार सुंदर वाजवायचे.

पुढं ते गावी आले तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. इलेक्ट्रिक गिटारला याहून सोयीचा काळ सापडणार नाही. "लाईट असती ना, तर दाखवलं असतं," हे वाक्य त्यांना बरीच वर्षं पुरलं. मग लग्न झालं आणि गिटार माळ्यावर गेली. 2008 साली 'रॉक ऑन' पाहून आले तेव्हा ती खाली काढायचं नक्की झालं होतं, पण ऐन खरीप होता.

अखेर काढली ती वहिनींनी, दिवाळीच्या साफसफाईत, तांब्याचं घंगाळ आणि मोडका फवारणी पंप यांच्या मधून.

"हे भंगारात द्यायचं का?"

"अगं, गिटार आहे ती माझी!"

"मग मी कुठं पेटी म्हणाले?"

त्या दिवसापासून दुकानावरचं लक्ष उडालं. गिऱ्हाईक म्हणतंय, "उडदावर मावा पडलाय," आणि भाऊसाहेब काउंटरखाली जुन्या टूथब्रशनं पट्ट्या घासतायत. तारांना गंज चढला होता म्हणून ते वाद्यांच्या दुकानात गेले. ढोलकी, टाळ, चिपळ्या, सगळं होतं. गिटारची तार म्हटल्यावर दुकानदारानं विचार केला आणि म्हणाला, "तुणतुण्याची देऊ का? तुम्हाला एकच लागंल ना?" शेवटी सहा तारांचा पुडा ऑनलाईन आला. पातळ तार इंचाच्या नऊ हजारांश भागाएवढी बारीक असते, हे वाचून ते दिवसभर येईल त्याला सांगत होते. एक शेतकरी म्हणाला, "मग ठिबकला चालंल का?"

तारा बसल्या, तरी आत काही बिघाड आहे असा त्यांना संशय. तारांखाली जे पिकअप असतात, ते म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीकसा प्रवाह तयार होतो. हे सगळं भाऊसाहेबांनी मोटार रिवायंडिंगवाल्याला समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्क्रू खोलले, आत पाहिलं आणि विचारलं, "किती एचपीची?" पण माणूस हुशार. मीटर लावून त्यानं सांगितलं की कॉईल शाबूत आहे, वायरचं झाळण सुटलंय. झाळून दिलं, वीस रुपये घेतले.

संध्याकाळी मंडपवाल्याचा अँप आणला. गिटारची पिन आणि भाषणाच्या माईकची पिन एकाच मापाची असते, त्यामुळं जमलं. बटण दाबलं, अर्थिंग नसल्यानं आधी नुसती घुंऽऽ झाली. मग भाऊसाहेबांनी केस नसलेल्या कपाळावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि हात मारला.

हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं ऐकत होता.

कुत्री भुंकली वगैरे अतिशयोक्ती मी करणार नाही. पण समोरचा मेडिकलवाला रस्ता ओलांडून आला आणि काळजीनं म्हणाला, "भाऊसाहेब, काही पडलं का?"

दुसरा कुणी असता तर गिटार माळ्यावर परत गेली असती. भाऊसाहेब गिटारवाले. त्यांनी निदान केलं की दोष वस्तूंचा आहे. आधी स्टँड मागवला. मग पट्टा, मग कॅपो नावाचा चिमटा, तारा गुंडाळायची चावी, लाकडाला लावायचं लिंबाच्या वासाचं तेल, आणि आवाज मुद्दाम फाटका करणारा एक पेडल. मी म्हटलं, "आवाज तर आधीच..." ते म्हणाले, "तो फाटका वेगळा." दुरुस्ती चालू होती तोवर ते आनंदात होते, कारण उघडलेली गिटार वाजवा असं कुणी म्हणत नाही.

तरी मधूनमधून तिला जोडावं लागायचं आणि मग एफ कॉर्ड यायची. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या आणि बाकीच्या बोटांनी वर आणखी उद्योग करायचा. इथं तर गिटारची मान वाकलेली. घट्ट ताणलेल्या सहा तारांचा ओढा मिळून चाळीसेक किलोच्या घरात जातो. युरियाची गोणी वर्षानुवर्षं लटकावून ठेवल्यासारखंच ते. त्यामुळं तारा पट्ट्यांपासून उंच उचललेल्या आणि त्या दाबता दाबता बोटांना घरं पडलेली. याच जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायांना बाळंतपणं करायला शिकवलं, ते बघायला जगभरातून डॉक्टर आले. आणि गावच्या बी. ई. मेकॅनिकलला एफ येईना. याचा दोष भाऊसाहेब हवेतल्या दमटपणाला देत. जामखेडच्या हवेतल्या!

हे असं निवांत चाललं असतं. पण श्रावणात एक बेंजोवाला पोरगा औषध न्यायला आला. विशी-बाविशीचा असेल, कानात बाळी. स्टँडवरची गिटार बघून म्हणाला, "हात लावू का, भाऊसाहेब?"

"लाव, पण तिला एफचा प्रॉब्लेम आहे."

पोरानं ती उभी धरलीच नाही. बेंजोसारखी काउंटरवर आडवी ठेवली. एक तार छेडली, तोंड वाकडं केलं आणि खुंट्या पिळून सगळ्या तारा आपल्या कानानं लावून घेतल्या. बोटानं तार दाबून पाहिली, उंच लागली, म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि बरणीतून फवारणी पंपाची एक पितळी नळी उचलली. ती तारांवर टेकवून सरकवत त्यानं दुसऱ्या हातानं छेडायला सुरुवात केली. व्हॅन शिपली, सुनील गांगुली ही मंडळी हवाईयन गिटारवर हिंदी गाणी वाजवायची, त्यांच्या तबकड्या घराघरांत होत्या. ती वाजवायची रीत हीच. त्या रीतीला तारा उंचच लागतात. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण वाकलेल्या मानेची ती गिटार चक्क गायला लागली. आधी एक लावणीची चाल निघाली, मग वरातीतली सगळी गाणी एका दमात. मेडिकलवाला पुन्हा रस्ता ओलांडून आला, या वेळी खुर्ची घेऊन.

भाऊसाहेब हातात कॅपो धरून उभे होते. संपल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. मी सर्व्हिसिंग केलं म्हणून."

"गणपतीचे धा दिवस देता का? दिवसाला पाचशे देतो."

"अरे, ती भाड्यानं द्यायची वस्तू आहे का? त्यात माझ्या भावना आहेत."

आतून वहिनींचा आवाज आला, "सातशे सांगा. आणि त्या पेडलचे वेगळे."

पोरगा सहाशेला तयार झाला. भाऊसाहेबांनी बराच वेळ काउंटर पुसला. मग ड्रॉवर उघडून प्लॅस्टिकच्या पाकिटातला सौताड्याचा फोटो काढला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या पार्टीच्या फ्लेक्सवर हा टाकशील का?"

"टाकू की. खाली काय लिहू? वाजवणारे का मालक?"

भाऊसाहेबांनी फोटोकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, आतल्या दाराकडं पाहिलं.

"काही लिहू नको," ते म्हणाले. "नुसता फोटो टाक."