बांगडे आत, मूठ हातात

ॲबर्डीन, जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा,


आम्ही सगळे खुशाल. ओव्हनही आता खुशाल आहे. रविवारी फोनवर तुम्ही "कसलो आवाज झालो गो?" असं विचारलंत आणि तुमच्या चिरंजीवांनी "काही नाही, काही नाही" करत फोन ठेवला. ते 'काही नाही' काय होतं, ते सविस्तर कळवते.

तुम्ही पाठवलेला मसाला आणि आगळ लावून बांगडे ओव्हनमध्ये ठेवले होते. वास सुटला तसे हे उठले आणि त्यांनी दाराची मूठ ओढली. मूठ आली, आणि मुठीबरोबर दाराची बाहेरची अख्खी काचही आली. दार मात्र जागच्या जागी, घट्ट बंद. हे काच दोन्ही हातांत धरून आरतीला उभे राहिल्यासारखे उभे, आणि आत बांगडे करपताहेत. शेवटी मी फटीत कालथा घालून दार उघडलं. वरची बाजू जरा काळी झाली होती, तरी एकही बांगडा उरला नाही.

या दारांत दोन-तीन काचा असतात आणि मधून हवा खेळते, म्हणून आत 200 अंश असले तरी बाहेरून हात भाजत नाही. आतल्या काचा पुसायला सरकवून काढता येतात. बाहेरची मात्र दिसायला गुळगुळीत हवी, म्हणून तिला एकही स्क्रू नाही, नुसती पत्र्याला चिकटवलेली. आणि आमच्या ओव्हनची मूठ नेमकी त्याच काचेला! हे ज्याला सुचलं, त्याच्या घरी स्वयंपाक दुसरंच कोणी करत असणार. कंपनी म्हणाली, अख्खं दार बदला. किंमत ऐकून ह्यांनी इंग्रजीत आभार मानले आणि उरलेलं मालवणीत बोलले.

उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींची यंत्रं सांभाळणारा माणूस, पण काच चिकटवायला फोन कोणाला? तर देवबागला होड्यांचं फायबर सांधणाऱ्या भाऊकाकांना. त्यांनी व्हिडिओवर एकदाच बघितलं.

"काच फुटली काय?"

"नाय."

"मगे रडतंस कित्याक? आधी जुना खरवड, मगे चिकटव. आणि मगे हात लावू नको, तुका सांगतंय."

वर भाऊकाकांच्या बोलण्यात सिंधुदुर्ग किल्ला आलाच. महाराजांनी 1664 साली काम काढलं, पायाचे दगड शिशात बसवले, अजून लाटा खातात. ह्यांनी लगेच हिशेब केला, शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे आमच्या ओव्हनला चाललं असतं. मी फोन काढून घेतला.

जुनं सिलिकॉन पात्याने खरवडायला अख्खी संध्याकाळ गेली. संध्याकाळ म्हणजे इथे दुपारी चारला सुरू होते ती. ही काच तापवून झटक्यात थंड केलेली असते. मधोमध धक्का सोसेल, पण कडेला टिचली तर सगळ्या काचेचे बारीक खडे होतात. म्हणून ती टॉवेलवर निजवली आणि धाकटीला स्वयंपाकघरात बंदी. मग काच आणि पत्रा स्पिरिटने पुसला. न्हाणीघरातलं उरलेलं सिलिकॉन ह्यांना वापरायचं होतं. ते ओव्हनच्या धगीला टिकणारं नव्हे. 300 अंश सोसणारं वेगळं मिळतं, लाल रंगाचं, ते आणलं. काच बसवून वर वजन ठेवलं, ह्यांच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचं. ती पुस्तकं घरात पहिल्यांदाच उपयोगी पडली.

मग वादाला तोंड फुटलं. भाऊकाका म्हणाले, ओल अजिबात नको. नळीवर लिहिलेलं, सिलिकॉन हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतं. दोघंही बरोबर होते. काच आणि पत्रा कोरडे हवेत, हवा दमट हवी. इथे हीटरने घरातली हवा कोरडी ठाक झालेली. तुमच्याकडची जून महिन्यातली पडवी मिळाली असती तर काम फत्ते होतं. शेवटी मी शेगडीवर पेज रटरटत ठेवली आणि झाकण काढलं. त्यात सिलिकॉनचा शिरक्यासारखा आंबट वास. "सोलकढी नासली का?" असं धाकटीने विचारलं.

24 तास हात लावायचा नव्हता. ते ह्यांच्याने होईना आणि भाऊकाकांना हे ठाऊक होतं, म्हणून ते फोन करून नुसतं "हात लावलंस?" एवढंच विचारायचे.

काच पक्की बसली आहे. मुठीवर ओला टॉवेल वाळत घालायचा नाही, असा घरात नवा नियम. तो मीच मोडते.

भाऊकाकांना फोटो पाठवला. म्हणाले, मजुरी नको, पण मे महिन्यात येताना त्याच लाल सिलिकॉनच्या दोन नळ्या आणा, होडीच्या इंजिनाला लागतात. ह्यांनी चार घेतल्यात.

धाकटीचा दोघांना गोड पापा.

तुमची,
सून