टेकाडांचा कारकून

स्टोनहेंजला रोज हजारो माणसं येतात आणि झाडून सगळी दगडांकडे तोंड करून उभी राहतात. त्यांतला एखादा गृहस्थ दगडांकडे पाठ करून, डोळे बारीक करून दक्षिणेच्या माळाकडे बघत असला तर ओळखावं, हा बॅरोवाला. त्याला 'स्टोनहेंज छान आहे, नाही?' असं विचारून बघा. 'आहे की,' म्हणेल, आणि पुढचा पाऊण तास दगडांचं नाव काढणार नाही.

वय साठीच्या पुढचं. गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातला ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा, खिशात मोजपट्टी, पायांत मागच्या आठवड्याच्या चिखलाचे बूट. त्याच्या नकाशावर जागोजाग गॉथिक वळणाच्या अक्षरांत 'ट्युम्युलस' छापलेलं असतं. तुम्हाआम्हाला त्या नकाशात रस्ते दिसतात, चर्च दिसतं, पब दिसतो. त्याला ती गॉथिक अक्षरं तेवढी दिसतात. पब कुठे आहे हेही तो सांगतो, पण 'तिसऱ्या ट्युम्युलसच्या पूर्वेला' अशा भाषेत.

बॅरो, म्हणजेच नकाशावरचा ट्युम्युलस, हे मेलेल्यांवर रचलेलं माती-खडूचं टेकाड. लांबोडकी टेकाडं आधीची, नवाश्मयुगातली, इसवी सनापूर्वी ३८०० च्या सुमाराला सुरू झालेली. गोल टेकाडं बहुतेक त्यानंतरची, मुख्यतः कांस्ययुगातली. एवढं आपल्याला पुरतं. त्याला इथून पुढे सुरुवात होते. कारण गोल टेकाड नुसतं गोल असून भागत नाही. ते बोल आहे, बेल आहे, डिस्क आहे, सॉसर आहे की पाँड, हे ठरल्याशिवाय तो जेवायला बसत नाही. उपडा वाडगा ठेवल्यासारखा साधा उंचवटा असला की बोल. उंचवटा आणि भोवतालचा चर यांच्यामध्ये सपाट पट्टी सोडलेली असली की बेल. भलंमोठं सपाट वर्तुळ, मधोमध जेमतेम टेंगूळ, भोवती चर आणि चराबाहेर बांध असला की डिस्क. उंचवटा बसका पण थेट चरापर्यंत पसरलेला, बाहेर बांध, तर सॉसर.

आणि पाँड? पाँड बॅरोत उंचवटाच नसतो. जमिनीत एक उथळ गोल खळगा आणि कडेने बांध. 'मग याला टेकाड का म्हणायचं?' हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून बॅरोवाला वर्षानुवर्षं वाट बघत असतो. विचारलात की त्याचा चेहरा असा उजळतो की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. मात्र विल्सफर्डच्या खळग्याचा विषय काढू नये. तो खळगा पाँड बॅरो म्हणून यादीत सुखाने नांदत होता. १९६० साली तो खणायला घेतला. खणणारे खाली जातच राहिले. शेवटी निघाली खडूत कोरलेली सुमारे ३० मीटर खोल उभी विहीर. पाँडच्या यादीतलं एक नाव खोडावं लागलं, आणि बॅरोवाल्याने ते शाईने लिहिलेलं होतं.

या जगात जातपात पाळली जाते. बोल बॅरो देशभरात दहा हजारांच्या वर नोंदलेले आहेत; त्यांच्याकडे तो जाता जाता मान हलवतो. बेल अडीचशेच्याही आत, तिथे थांबतो. सॉसर साठेक. सॉसर दिसला की चष्मा काढून पुसतो, परत लावतो आणि सोबतच्या माणसाला हलक्या आवाजात 'त्यावर पाय देऊ नका' म्हणतो. सोबतचा माणूस पायाखाली बघतो. तिथे गवत असतं. पलीकडेही तसंच गवत असतं.

गवताशी त्याचं मोठं वैर. उन्हाळ्यात सगळं इंग्लंड अंगावर ऊन घेत हिरवळीवर लोळत असतं, तेव्हा हा चिडलेला असतो, कारण वाढलेल्या गवतात आठ-दहा इंचांचा बांध गडप होतो. त्याचा मोसम डिसेंबर. दुपारी तीनचा सूर्य क्षितिजाला टेकलेला, जमिनीवर हिमाचा पातळ थर, बोटं बधिर. अशा वेळी तिरप्या उजेडात सपाट वाटणाऱ्या शेतातून सावल्यांची वर्तुळं वर येतात आणि तो बायकोला फोन करून आज उशीर होईल म्हणून कळवतो. उन्हाळा त्याला एकाच अटीवर चालतो. दुष्काळ पडला पाहिजे. नांगराने टेकाड सपाट केलं तरी खालचा बुजलेला चर ओल धरून ठेवतो आणि त्यावरचं पीक करपत नाही. विमानातून बघितलं तर पिवळ्या शेतात हिरवं वर्तुळ दिसतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात अशी ठिकाणं ढिगाने उघडी पडली. गावात बागेला नळीने पाणी घालायचं की नाही यावर वाद चालले होते, आणि हा रोज सकाळी निरभ्र आकाशाकडे बघून समाधानाने चहा पीत होता.

त्याच्या घराण्याचा मूळपुरुष विल्यम स्ट्यूकली, १६८७ चा जन्म. आधी डॉक्टर, मग पाद्री, आणि मनातून ड्रुइड, म्हणजे प्राचीन ब्रिटनमधला पुरोहित. चिन्डोनॅक्स असं ड्रुइडी नावसुद्धा त्याने घेतलं होतं. त्याने टेकाडांची नीट चित्रं काढली, मोजमापं घेतली, आणि मग त्यांना राजांचं, ड्रुइडांचं अशी बिरुदं लावून दिली. त्याच्या मागून आले हेट्सबरीचे लोकरीचे व्यापारी विल्यम कनिंग्टन. डोकेदुखीने बेजार. डॉक्टरांनी घोड्यावरून रपेट करा म्हणून बजावलं. रपेट करता करता टेकाडं दिसली, टेकाडं दिसली तशी खणावीशी वाटली. पैसा सर रिचर्ड कोल्ट होर यांचा, फावडी पार्कर नावाच्या बापलेकांची. या मंडळींनी शेकडो टेकाडं उघडली. १८०८ मध्ये स्टोनहेंजजवळच्या बुश बॅरोत सोन्याचा नक्षीदार चौकटी पत्रा सापडला. तो आता डिवायझेसच्या संग्रहालयात आहे, आणि बॅरोवाला तो बघायला जातो तेव्हा काचेपलीकडच्या सोन्याकडे ओझरतं बघून भिंतीवरच्या टेकाडाच्या नकाशापुढे उभा राहतो.

उत्तरेला यॉर्कशरच्या वोल्ड्स टेकड्यांवर कॅनन ग्रीनवेल आणि ड्रिफील्डचे धान्यव्यापारी मॉर्टिमर एकाच भागातली टेकाडं खणत होते, आणि दोघांचं काही पटलं नाही. ग्रीनवेलच्या नावाची ट्राउट पकडायची एक नकली माशी मात्र अजून बाजारात मिळते. टेकाडांवर ग्रंथ लिहिणाऱ्याला माशीने अमर केलं, ही गोष्ट बॅरोवाल्याला विनोदी वाटत नाही.

मग डॉ. जॉन थर्नम. डिवायझेसच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी कवट्या मोजून सिद्धान्त मांडला की लांब टेकाडांत लांब डोक्याची माणसं आणि गोल टेकाडांत गोल डोक्याची. पुढे कवट्या मोजण्याचं शास्त्रच बदनाम झालं, तसा बॅरोवाला थर्नमचं नाव खालच्या आवाजात घेऊ लागला. आणि २०१८ साली प्राचीन डीएनएवाल्यांनी जाहीर केलं की इसवी सनापूर्वी २४०० नंतरच्या काही शतकांत ब्रिटनमधला वंश नव्वद टक्क्यांच्या आसपास बदलला. म्हणजे लांबवाले आणि गोलवाले खरंच बरेचसे वेगळे निघाले. हे ऐकून तो दोन दिवस गप्प होता. चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण त्याचं दैवत यांच्यातलं कुणी नाही. दैवत लेस्ली ग्रिन्सेल. बँकेतला कारकून. सुट्टी मिळाली की टेकाडं. असं करत करत आयुष्यात दहा हजारांवर टेकाडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि परगण्यांमागून परगण्यांच्या याद्या केल्या. पुढे ब्रिस्टलच्या संग्रहालयात नोकरी मिळाली, तरी त्या याद्यांत बँकेच्या खतावणीची शिस्त राहिली. बॅरोवाला स्वतः बहुधा विमा कंपनीतून किंवा आयकर खात्यातून निवृत्त झालेला असतो, त्यामुळे हा देव त्याला जवळचा वाटतो. मला विचाराल तर या कारकुनी पंथाचे उपकार मोठे आहेत. होरच्या काळचे जमीनदार मित्रमंडळी जमवून, डबे बांधून घेऊन यायचे, टेकाड मधोमध फोडायचे, मडकं उचलायचे आणि पाऊस आला की छत्रीखाली पळायचे. बॅरोवाल्याने जन्मात कुदळ धरलेली नसते. तो बाहेरून मोजतो आणि घरी जातो.

आत कोण आहे, याचं मात्र त्याला फारसं सोयरसुतक नाही. सहलीला आलेल्या एका पोरीने विचारलं, 'आजोबा, यात कोण आहे?' तो म्हणाला, 'प्राथमिक दहन, बहुधा मध्याच्या किंचित पूर्वेला.' पोरीने जरा विचार केला आणि म्हणाली, 'त्याचं नाव काय?' त्याने टेकाडाचा क्रमांक सांगितला.

विंटरबोर्न स्टोकच्या चौकाजवळ त्याची पंढरी आहे. तिथे लांब टेकाडाच्या मागे गोल टेकाडांची रांग लागलेली आहे आणि बोल, बेल, डिस्क, सॉसर, पाँड सगळे एकाच वावरात मिळतात. शेजारून ए-३०३ रस्ता जातो, आणि वाहनांच्या वळणाच्या चौकालाही लाँगबॅरो हेच नाव आहे. तिथे दोन बॅरोवाले एकत्र आले की भांडण ठरलेलं. एक म्हणतो बेल, दुसरा म्हणतो बोल. पावसाने माती ओघळते, उंचवटा पसरतो, मधली सपाट पट्टी झाकली जाते आणि बेलचा बोल होतो. 'होतो म्हणजे? दिसतो!' 'जे दिसतं तेच नोंदायचं!' 'मग उद्या पूर्ण झिजला तर काहीच नव्हतं म्हणाल?' मोजपट्टी निघते, एक टोक तू धर म्हणून दुसऱ्याला दिलं जातं, कारण मोजायला दोघं लागतात. ट्रकवाले भोंगे वाजवत जातात. मोजून झाल्यावर आकडा दोघांना मान्य असतो. प्रकार नसतो.

त्याची खरी पंचाईत ही की टेकाडं बांधणाऱ्यांनी त्याची यादी वाचली नव्हती. एखाद्या लहानशा ढिगावर दोन पिढ्यांनी आणखी माती टाकली, जुना चर बुजवून बाहेर नवा काढला, कडेला आणखी राखेची मडकी पुरली. ऑक्सफर्डशरमधल्या वेलँड्स स्मिदीला १९६२-६३ मध्ये खणलं तर मोठ्या लांब टेकाडाच्या पोटात आधीचं छोटं लंबगोल टेकाड अख्खं निघालं. एका सातबाऱ्यावर दोन मालक. नोंदी एक की दोन? तो अजून ठरवतोय. डॉर्सेटमधल्या ओकली डाउनला तर रोमन लोकांनी सरळ रस्ता काढताना एका डिस्क बॅरोची कडच कापली. सगळ्या साम्राज्याचा इतिहास त्याने वाचला आहे, पण रोमनांवर त्याचा राग आहे तो या एका वळण न घेतलेल्या रस्त्यामुळे.

आणि बॅजर. हा केसाळ प्राणी उन्हाळा-पावसाळा टेकाडात बिळं करतो. टेकाडाला कायद्याचं संरक्षण आहे, बॅजरलाही १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे दोघांपैकी कुणालाच हात लावता येत नाही आणि फक्त एकालाच हे माहीत नाही. सॉल्सबरी प्लेनवरच्या बॅरो क्लम्पला बॅजरांनी हाडं वर काढली. मग जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना सोबत घेऊन तिथे रीतसर उत्खनन झालं, आणि कांस्ययुगातल्या टेकाडात सॅक्सन लोकांचं अख्खं कबरस्तान सापडलं. नोंद पुन्हा फाडावी लागली.

सिल्बरी हिल हा तर त्याच्या घरातला न बोलायचा विषय. इसवी सनापूर्वी २४०० च्या आसपासचा, युरोपातला सर्वांत मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित ढीग. १७७६ ला वरून भोक पाडलं, १८४९ ला बाजूने बोगदा काढला, १९६८ ला बीबीसीच्या कॅमेऱ्यांसमोर पुन्हा बोगदा काढला. प्रेत नाही. जवळच मार्लबरोच्या शाळेच्या आवारातलं टेकाड किल्ल्याचा बुरूज म्हणून शतकानुशतकं ओळखलं जात होतं. आतला कोळसा तपासला तर तेही सिल्बरीच्याच वयाचं निघालं. वहीत अगदी शेवटी 'इतर' असं एक पान आहे. ते पान तो कुणाला दाखवत नाही.

मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर त्याने एकदम विचारलं, 'नागपूर तुमच्याकडेच ना? जुनापाणी?' एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक नावाच्या साहेबाने तिथली दगडी वर्तुळं खणली आणि त्यांतल्या दगडांवरचे खळगे ब्रिटनमधल्या खळग्यांशी जुळवून पाहिले, हे त्याला तोंडपाठ होतं. 'वर्तुळाच्या आत उंचवटा आहे? बाहेर चर आहे?' नागपूरला दहादा जाऊन मी कधी जुनापाणीकडे वळलो नव्हतो, आणि हे त्याला सांगण्याची माझी छाती झाली नाही. पण ती वर्तुळं लोहयुगातली आहेत हे त्यालाच आठवलं आणि 'उशिराची' एवढं म्हणून त्याने विषय मिटवला.

मधे स्टोनहेंजच्याच विल्टशर परगण्यात ऑल कॅनिंग्जला एका शेतकऱ्याने नवंकोरं लांब टेकाड बांधलं. २०१४ पासून तिथे लोक आपल्या माणसांच्या अस्थिकलशांसाठी कोनाडे घेऊ लागले. बॅरोवाल्याच्या बायकोला ही कल्पना फार आवडली. एवढी वर्षं नवऱ्यामागे फिरून गुडघे गेले, निदान शेवटी तरी बसायला जागा मिळेल. ती त्याला घेऊन गेली. त्याने लांबी मोजली, दिशा बघितली, दगड बोटाने खरवडून पाहिला. आतल्या शांत अंधारात तिने फॉर्म पुढे केला.

'शक्य नाही,' तो म्हणाला. 'कलशात राख, आणि तीही लांब टेकाडात? कलश गोल टेकाडांतले. मी चुकीच्या प्रकारात जाणार नाही.'

तिने फॉर्मवर फक्त स्वतःचं नाव घातलं. 'बरं,' ती म्हणाली, 'तू बाहेरून मोज.'