परदेशी गेटकेन

स्थायी वास्तव्य, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पीआर, हा परक्या देशात कायम राहण्याचा, काम करण्याचा आणि कर भरण्याचा परवाना आहे. राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा सहसा नव्हे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ही कल्पना फोडून सांगावी लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याला बिगरसभासदही ऊस घालतो; त्या उसाला गेटकेन म्हणतात. त्याच्या उसाची साखर सभासदाच्या उसाइतकीच गोड होते. फक्त वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही आणि संचालक निवडताना त्याच्या दारात जीप थांबत नाही. पीआरधारक हा परदेशातला गेटकेन होय.

अर्जाची रीत देशागणिक बदलते. उदाहरणादाखल कॅनडा घेऊ. तिथे २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ नावाची पद्धत आहे. उमेदवाराला १२०० पैकी गुण मिळतात आणि वरचे गुणवाले आधी बोलावले जातात. वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वर्षांत. त्यानंतर दर वाढदिवसाला ते घटतात आणि ४५व्या वर्षी शून्यावर येतात. इकडच्या राजकारणात याच वयात ‘युवा नेतृत्व’ म्हणून फ्लेक्स लागतो. इंग्रजीसाठी आयईएलटीएससारखी परीक्षा द्यावी लागते आणि बायकोनेही दिली तर तिचे थोडे गुण पदरात पडतात. फ्रेंच येणाऱ्यांना २०२३ पासून वेगळ्या फेऱ्यांत बोलावले जाते. त्यामुळे ज्या घरात सुनेच्या नोकरीलाच विरोध होता, तिथे तिच्या फ्रेंचच्या क्लासची फी बिनबोभाट भरली जाते.

गुण जुळले की कागद सुरू होतात. सातबारा, आठ-अ आणि पाण्याचा सात नंबर अर्ज यांवर वाढलेल्या घराला कागदांची भीती नसते. पण हे कागद एकमेकांशी जुळावे लागतात, ही अट नवीन आहे. मुलाच्या दाखल्यावर वडील ‘बाळू’, सातबाऱ्यावर ‘बाळकृष्ण’, आधारवर ‘बाळासाहेब’. तिन्ही एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर करावे लागते. सुनेची पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. कुटुंबाच्या माहितीत वडील, आई आणि थोरले काका तिघांचाही जन्म १ जूनचा निघतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय पुरवण्यासाठी लिहिलेल्या या तारखेवर महाराष्ट्राची एक अख्खी पिढी जन्मली, हे परदेशी अधिकाऱ्याला सांगायला फॉर्मवर रकाना नाही. गेल्या दहा वर्षांत कधी कुठे राहिलात आणि काय करत होतात, याचा एक महिनाही मोकळा न सोडता हिशेब लागतो. ‘घरीच होतो, शेती बघत होतो’ या उत्तरात ‘बघत होतो’ म्हणजे नेमके काय, हे वडिलांनाही कधी कळलेले नसते.

सर्वांत अवघड प्रकरण पैशाच्या पुराव्याचे. कॅनडात नोकरी हातात नसलेल्या एकट्या अर्जदाराला साधारण १५ हजार कॅनेडियन डॉलर खात्यात दाखवावे लागतात. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक हवी आणि पैसा उसना नको. जमिनीची किंमत धरत नाहीत. नीरा डाव्या कालव्याखालची आठ एकर बागायत, जिच्या बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्या, तिचे मोल अर्जात शून्य. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा राहतो; त्याचे पैसे खात्यात सहा महिने उभे राहत नाहीत. कारखान्याचे बिल निघते, त्यातून सोसायटीची वसुली वजा होते, उरलेले खत-बियाण्याच्या उधारीत जाते आणि दिवाळीच्या फरकावर लग्न आधीच ठरलेले असते. अशा खात्यात एकाएकी दहा लाख आले की ते कुठून आले, हा प्रश्न येतोच. मग वडील लिहून देतात की ही रक्कम प्रेमापोटी दिली असून ती परत घेणार नाही. धाकट्या भावाला हा कागद सहसा दाखवत नाहीत.

यानंतर पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि वाट पाहणे. वाट पाहण्यात अमेरिका अव्वल. नोकरीच्या आधारावर तिथे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे निघतात आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त सहसा येत नाहीत. भारत आणि आइसलँड यांना मर्यादा एकच. त्यामुळे भारतीय इंजिनिअरची रांग दहा वर्षांच्या पुढे गेली आहे आणि मूल एकविसाचे झाले की ते बापाच्या अर्जातून गळू शकते. गावी मात्र ‘झालं का काम?’ एवढेच विचारतात. सोयरिकीच्या बाजारात नुसती फाईल लावलेली असली तरी भाव चढतो. बायोडाट्यात ‘पीआर प्रोसेसमध्ये’ ही ओळ बागायतीच्या वर येते.

मिळालेला पीआर टिकवावाही लागतो. कॅनडात पाच वर्षांपैकी किमान ७३० दिवस राहावे लागते, म्हणजे तीन वर्षे गावच्या यात्रेला यायला मोकळी. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला मिळायला साधारण पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. त्या हिशेबाने टोरांटोचा होणे पुण्याचा होण्यापेक्षा सोपे ठरते.

पीआर घेतल्याने भारताचे नागरिकत्व जात नाही. मतदार यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र केंद्रावर स्वतः यावे लागते. नागरिकत्वच बदलले तर पासपोर्ट परत करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. बदल्यात मूळ भारतीयांसाठीचे, आजन्म व्हिसासारखे ओसीआय कार्ड अर्ज करून मिळवता येते. परदेशी स्थायिक झालेल्याला, पीआरवाला असो की ओसीआयवाला, परकीय चलनाच्या नियमांनुसार इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. ओसीआयवाल्याला ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकावी लागते. तो गिऱ्हाईक बहुधा भावकीतलाच निघतो आणि दर त्यानेच ठरवलेला असतो.