सदनिकेतील धूर

सदनिकेत मांस धुरावण्याचे यंत्र निवडताना आकार, किंमत आणि शेजारी या बाबी पाहाव्यात.

सर्वांत स्वस्त साधन वाटी. रश्श्याच्या पातेल्यात ती तरंगती ठेवावी, तीत लाल निखारा, त्यावर तुपाचा थेंब, लगेच झाकण. पाच मिनिटांत धुंगार लागतो. वाटीला वॉरंटी नसल्याने ती यंत्रांत धरत नाहीत. विजेच्या यंत्रात लाकडाचे तुकडे 110 अंशांच्या आसपास तासन्‌तास धुमसतात. त्याला खिडकीही लागते, शक्यतो स्वतःच्याच घरात उघडणारी.

धूर मुळात खेड्यातला. वाशी तालुक्यातल्या तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यांनी त्याचा उद्योगच केला. चुलीचा धूर मात्र बायकांच्या डोळ्यांत फुकट जाई. तो घालवायला 2016 साली उज्ज्वला योजना आली. तोच आता थर्मामीटर लावून, हप्त्यांवर, चौथ्या मजल्यावर परततो आहे. प्रगती ती हीच.

खरेदीपूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. धुराला सहसा हरकत नसते. दिवाळीत सुतळी बॉम्ब जिन्यातच फुटतात. हरकत असते मांसाला. अशा इमारतींत यंत्रात पनीर ठेवावे.