लिंबाएवढा पाऊस

खिडकीबाहेर बघून हवामान सांगणारी माणसं आमच्या आत्याला कच्ची वाटतात. ती अंथरुणात बसून, पांघरुणाच्या आत सांगते. सकाळी साडेसहाला डोळे उघडले की आधी उजव्या हाताची मूठ मिटून बघायची. आमवात अंगात मुरून बावीस वर्षं झाली, त्यामुळे सकाळी मूठ पुरती कधीच मिटत नाही. बोटांची टोकं आणि तळहात यांच्यात फट राहते आणि त्या फटीवर दिवसाचा अंदाज ठरतो. सुपारी मावेल एवढी फट म्हणजे कोरडं. लिंबाएवढी म्हणजे सरी. मोसंबीएवढी असली की मुसळधार, आणि मग आतून हुकूम सुटतो, "कपडे गच्चीवर टाकू नका गं आज. पोह्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावा."

बाकीच्या सांध्यांना तिने खाती वाटून दिली आहेत. डावा गुडघा घाटमाथा बघतो, उजव्याकडे कोकण. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की पहिली वर्दी करंगळीला. मान थंडीच्या लाटेसाठी राखीव. नक्षत्रांचा हिशेब वेगळाच. पुनर्वसूच्या तरण्या पावसात खांदे ठणकतात, पुष्याच्या म्हाताऱ्या पावसात नुसती चुणचुण. "म्हातारा बिचारा," आत्या म्हणते, "त्याचेही गुडघे धरले असणार."

दुखण्याच्या नावाबद्दल मात्र ती कडक आहे. कुणी "वय झालं की संधिवात व्हायचाच" असं म्हणालं की त्या माणसाला बसवून घेते. "संधिवात झिजेचा. माझा आमवात. माझंच शरीर माझ्या सांध्यांवर उठलंय. झीज नव्हे हो, गृहकलह आहे हा!" या कलहात मध्यस्थी करायला मेथोट्रेक्सेट आहे. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, म्हणून आत्याने तिला शनिवार दिला आहे. मारुतीला तेल आणि हिला गोळी. शिवाय महानारायण तेलाची बाटली उशाशी असतेच. उन्हाळ्यात वात साठतो आणि पावसाळ्यात उसळतो, हे वैद्यांचं म्हणणं तिला मान्य. सीआरपी वाढला की उसळतो, हे डॉक्टरांचंही मान्य. दोन्हीकडून दुजोरा मिळत असेल तर भांडायचं कशाला?

तिची कीर्ती झाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात. मे महिना, लॉन ठरलेलं, वर मोकळं आकाश. आत्या आहेराचं पाकीट देता देता म्हणाली, "मंडप घाला." कुणी घातला नाही. संध्याकाळी साडेसातला असा वळीव आला की मठ्ठा आणि रसमलाई यांच्यातला फरक संपला. तेव्हापासून इमारतीत पापड घालण्याआधी, मुलांना ट्रेकला पाठवण्याआधी, गाडी धुवायला देण्याआधी, कुणीतरी आमची बेल वाजवतं आणि दारातूनच विचारतं, "आत्याबाईंचा हात कसाय?" एवढ्या आपुलकीने विचारलेला आणि एवढा मतलबी प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही.

या साम्राज्याला एकच शत्रू आहे. तळमजल्यावरचे भाऊ. सगळी नोकरी शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसात. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून ते नाव, हे भाऊ दर नव्या माणसाला सांगतात. आत्याचं त्यावर एकच म्हणणं, "ती थंडी सोडून इकडे आले, तेवढं एक शहाणपणाचं केलंत."

भाऊ इरेला पेटले आणि एका पावसाळ्यात त्यांनी वही घातली. एका रकान्यात आत्याचा अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष पाऊस. गौरी-गणपतीनंतर वही घेऊन वर आले. निम्मे अंदाज बरोबर, निम्मे चूक. "ताई, नाणं उडवलं असतं तरी हेच आलं असतं."

"नाणं उडवायला बोटं लागतात, भाऊ."

भाऊंनी मग खिशातून कागद काढला. रेडलमायर आणि ट्वर्स्की या दोघांनी 1996 साली छापलेला अभ्यास. आमवाताच्या अठरा रुग्णांची दुखणी पंधरा महिने हवामानाशी ताडून पाहिली आणि मेळ काही बसला नाही. माणूस जमलेलं लक्षात ठेवतो, फसलेलं विसरतो, असं त्यांचं म्हणणं.

"अठराच?" आत्या म्हणाली. "माझ्या डॉक्टरांकडे सकाळच्या नंबराला याहून जास्त असतात."

घरचा माणूस म्हणून मी मोबाइल काढला. मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनभरच्या अडीच हजारांहून जास्त लोकांकडून दुखण्याची रोजची नोंद घेतली होती. 2019 साली निष्कर्ष आला. हवेत दमटपणा जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा असेल त्या दिवशी दुखणं थोडं वाढतं. आत्याने भाऊंकडे असं पाहिलं की जणू विद्यापीठ तिच्याच माहेरचं आहे.

"थोडं," भाऊंनी बोट ठेवलं. "थोडं म्हणालेत. आणि मँचेस्टरला कोरडा दिवस आणायचा कुठून?" मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "दाबाचंच घ्या. मोठ्या पावसाआधी इथला दाब उतरतो तो फार तर आठ-दहा हेक्टापास्कल. पुण्याहून महाबळेश्वरला चढलात तर ऐंशी-नव्वद उतरतो. गेल्या डिसेंबरात तुम्ही गेला होतात. दुखलं?"

मला हे बिनतोड वाटलं. आत्यालाही क्षणभर वाटलं असावं, कारण तिने पदर सारखा केला. खरं म्हणजे ती तिथे चार दिवस वेण्णा तलावाकाठी मक्याची कणसं खात हिंडली होती आणि एकदाही हायहुय केलं नव्हतं.

"नाही दुखलं," ती म्हणाली. "पण तिथे कणीक कोण मळत होतं? हॉटेलवाले."

भाऊंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून आमच्याकडे बरणीची झाकणं सोडवायची रबरी पकड आली. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आत्याने ती ओट्याजवळ खिळ्याला अडकवली आणि तिला वेधशाळा असं नाव ठेवलं. "वेधशाळा दे गं इकडे, लोणचं काढायचंय."

वही मात्र मी चाळली होती. चुकलेल्या अंदाजांच्या तारखा ओळखीच्या वाटत होत्या. एक दिवस पुरणपोळ्यांच्या दुसऱ्या दिवसाचा. एक भावजयीच्या आजारपणात रात्री जागलेला. एकदा औषधाच्या दुकानात गोळी मिळाली नव्हती म्हणून शनिवार बुडला होता, त्या आठवड्यात तर आत्याने चार दिवस सलग मुसळधार सांगितलं होतं. पुण्यात टिपूस नव्हता. बावीस वर्षांत "माझं दुखतंय" असं वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. हवा खराब आहे, एवढंच.

परवा दिवाळीचा फराळ झाला. चकल्या तिने स्वतः पाडल्या, कुणाला सोऱ्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर कप एका हाताने धरता येईना. दोन्ही तळव्यांमध्ये, ओंजळीत धरावा तसा धरला. बोटं उघडीच होती. मोसंबी सोडाच, पपनस मावलं असतं.

भाऊ फराळाचं ताट परत द्यायला आले होते. बाहेर नोव्हेंबरचं लख्ख ऊन, आकाश घासलेल्या परातीसारखं.

"आज धो-धो येणार," आत्या म्हणाली.

भाऊंनी खिडकीतून वर पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं.

"वाटतंय खरं," ते म्हणाले, आणि गच्चीवर जाऊन आमचे वाळत घातलेले कपडे काढून घेऊन आले. ओलेच होते अजून.